कॅल्शियम वाढलंय

आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते.

आम्ही कासार. जळगावच्या जुन्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि माझं माहेरही त्याच धंद्यातलं, शिंदखेड्याचं. लहान असताना एकदा माझ्या हातून काचेच्या बांगड्या जमिनीवर पडल्या आणि मी ‘फुटल्या, फुटल्या’ म्हणून ओरडले. आईनं आधी माझ्या तोंडावर हात ठेवला, मग काचा गोळा केल्या. बांगडी फुटते ती फक्त नवरा गेल्यावर. एरवी ती वाढली म्हणायचं. माझ्या आईनं हा शब्द बांगडीपुरता ठेवला नाही. डब्यातलं पीठ संपलं की वाढलं, कुंकू संपलं की वाढलं, शेजारचं कुणी गेलं तरी दबक्या आवाजात, आमच्या अहिराणीत, ‘वाढनं’. हे आधीच सांगते आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दानं केला.

मला मल्टिपल मायलोमा आहे. हाडांच्या आतल्या मगजात होणारा रक्ताचा कॅन्सर. औषधांची नावं आणि आकडे मी इथं लिहीत बसणार नाही, ते तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगले सांगतील. पण ज्यांच्या घरात हे दुखणं नुकतंच येऊन बसलं असेल, त्यांना बाकीचं कुणी सांगत नाही. ते मी सांगते.

पाठ

सुरुवात पाठीपासून झाली. दुकानात आम्ही गादीवर मांडी घालून बसतो. समोर गिऱ्हाईक, मध्ये तिचा हात. दिवसभर वाकून बायकांचे हात दाबायचे म्हटल्यावर पाठ दुखण्याचं मला काही नवल वाटलं नाही. मग बरगड्या दुखायला लागल्या. मग शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं.

आमच्या बाजारात प्रत्येक बाई अर्धी डॉक्टर आहे. हात माझ्याकडे देऊन बसली की ती माझीच तपासणी सुरू करायची. “कमलताई, तुमचं कॅल्शियम कमी झालंय.” पन्नाशी उलटलेल्या बाईचं काहीही दुखलं तरी कॅल्शियम. गुडघे, कंबर, केस गळणं, चिडचिड, सुनेशी न पटणं, सगळ्याला एकच कारण. दुसऱ्यांना मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? गल्लीतल्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मी त्या इमानेइतबारे खाल्ल्या आणि दुखणं वाढलं. इथं वाढलं म्हणजे खरंच वाढलं.

एके दिवशी मालाचं खोकं उचलताना पाठीत कट्‌कन काहीतरी झालं आणि मी तिथंच खाली बसले. तेव्हा कुठे डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत आराम करा म्हणाले. आमचं दुकान खाली आणि घर वर. असल्या घरात बाईला आराम कसा मिळणार? माझे यजमान, विलासराव, म्हणाले, “आईकडे जाऊन ये चार दिवस.” त्यांनीच मला शिंदखेड्याच्या पॅसेंजरमध्ये बसवून दिलं, खिडकीजवळ, पाठीला उशी लावून.

माहेर

आई ऐंशीच्या पुढची आहे. आमचे वडील लवकर गेले. त्यानंतर ती स्वतःच्या मोकळ्या हातांनी गावोगाव बायकांना बांगड्या भरत फिरली आणि तिनं मला आणि भावाला वाढवलं. लग्नघरी तिला चुडा भरायला आत बोलवायचे, आणि तो भरून झाला की बाहेर बसवायचे. यावर मी तिला कधी रडताना बघितलं नाही. ती घरी यायची आणि आम्हाला पोट फुटेस्तोवर जेवू घालायची. प्रेम करायची तिला तेवढीच एक रीत ठाऊक आहे.

माझी अवस्था बघून ती लगेच कामाला लागली. सकाळी दह्यात हरभऱ्याएवढा चुना कालवून. हा उपाय आमच्याकडे घरोघरी आहे, पानाच्या डब्यातून तो चुना थेट औषधात येतो. मग दूध. मग नागलीची भाकरी, तिळाचे लाडू, परत दूध.

“खाय व पोरी, हाडेसमा ताकद येई.”

मी खात होते. पण अंगात ताकद यायच्या ऐवजी सारखी गुंगी यायला लागली. तहान इतकी की तांब्या तोंडाला लावला की खाली ठेववत नसे. पोट साफ होईना, जेवण बघितलं की मळमळे. आणि झोप. मी दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या झोपायचे. वहिनी मला हलवून आत न्यायची.

अशाच एका झोपेत माझा मोबाइल वाजला आणि तो आईनं घेतला. लॅबमधली मुलगी होती. तिनं शुद्ध मराठीत, अगदी नीट सांगितलं, “आजी, कमलताईंना सांगा, त्यांचं कॅल्शियम खूप वाढलंय. डॉक्टरांना ताबडतोब भेटायला सांगा.”

आईनं मला उठवलं. तिचा चेहरा उतरला होता.

“डाक्तरना फोन उना व्हता. तुनं कॅल्शियम वाढी गयं म्हने.”

आता तुम्ही म्हणाल, निदान मला तरी कळायला हवं होतं. मी शाळेत गेलेली, शहरात दुकान चालवणारी बाई. पण मीसुद्धा त्याच घरची. कॅल्शियम कमी आहे हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, त्यात ती गुंगी, आणि तो शब्द आईच्या तोंडून आलेला. माझ्या मनात काय आलं ते मला अजून आठवतं. मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत ही, ‘संपलं’ असं तोंडावर म्हणाली नाहीत. रिपोर्ट मोबाइलवर आलेला होता, पण डोळ्यांपुढे अक्षरं पळायची. मी तो उघडलाच नाही. डॉक्टरांना भेटायला शनिवारी विलासराव येतील तेव्हा जाऊ, असं ठरलं.

आईनं मात्र शनिवारची वाट बघितली नाही. संपलंय म्हटल्यावर भरायला नको का? चुना एकदाचा दोनदा झाला. गोळ्या भावाला पाठवून आणखी मागवल्या गेल्या. दुधाचा पेला ती माझ्या ओठांना लावून बसायची.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. वहिनी सांगते, मी वडिलांशी बोलायला लागले होते. ते दारात उभे आहेत, त्यांना पाणी द्या, म्हणत होते. मग भावानं गाडी केली आणि मला धुळ्याला नेलं.

धुळे

धुळ्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं रक्त आणि माझं ताट एकत्र बघितलं. डॉक्टर मध्यम वयाचे होते, बोलायला हळू. त्यांनी आईला विचारलं, काय काय खायला देता? आईनं सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं असणार, मी तिला ओळखते. चुना, दूध, तीळ, गोळ्या.

डॉक्टर म्हणाले, “आजी, यांचं कॅल्शियम वाढलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?”

“सांगं ना. म्हनीसन तर दीन्हं.”

“वाढलंय म्हणजे जास्त झालंय, आजी. फार जास्त. त्यानंच या अशा झाल्यात.”

वहिनी सांगते, तेव्हा आई म्हणाली, “आमनामा वाढनं म्हंजे सरनं.”

तेवढ्यात विलासराव जळगावहून येऊन पोहोचले. रस्ताभर त्यांचा जीव टांगणीला लागला असेल, हे मी समजू शकते. पण त्यांनी वॉर्डाच्या दारातच हे ऐकलं आणि सगळ्यांसमोर ते म्हणाले, “काय करून ठेवलंत हे, आई! पोरीला मारायला निघाला होतात?”

हे वाक्य मी स्वतः ऐकलं. त्या दोन-तीन दिवसांतलं दुसरं काही मला आठवत नाही, पण हे स्वच्छ आठवतं. डोळे उघडून काही बोलावं असं फार वाटलं. जीभ उचलली गेली नाही.

सलाईन चढत राहिली, हाडांसाठीही एक औषध शिरेतून दिलं आणि मी हळूहळू माणसात आले. किडन्या थोडक्यात वाचल्या होत्या. मग कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायला पाठवला. ती तपासणी दुखते, कुणी नाही म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पण ती लवकर संपते, हेही खरं.

निदान सांगायला डॉक्टर खुर्ची ओढून बसले. उभ्यानं सांगितलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर विलासराव खिडकीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी रडले नाही. मला एकच विचारायचं होतं.

“चुन्यानं झालं का हे?”

“नाही. रोगामुळे तुमची हाडं विरत होती. त्यातलंच कॅल्शियम रक्तात येत होतं.”

“खरं सांगा. आईला सांगायचंय मला.”

“चुन्यानं आणि गोळ्यांनी थोडी भर पडली असेल. पण त्यांनी काही दिलं नसतं, तरी तुम्ही आज ना उद्या इथं आलाच असता.”

मी दुसरं वाक्य धरून बसले. वहिनीनं दोन्ही आईच्या कानावर घातली, तिनं पहिलं धरलं. मी शुद्धीवर आले तेव्हाच ती शिंदखेड्याला परत गेलेली होती, आणि वहिनीजवळ एवढंच बोलली होती, “मी मनाच हाते तिले जहर खावाडं.”

त्यानंतर ती माझ्याशी फोनवर बोलेना. वहिनी फोन तिच्या कानाला लावायची, मी इकडून ‘माय, माय’ करायचे, आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. तिनं चूल सोडली. घरात कुणाला काही करून घालेना, स्वतःही जेमतेम खाई.

तेव्हा मी एक गोष्ट मनाशी ठरवली. मरणाची भीती मला होती, खूप होती, ती लपवण्यात काय अर्थ? पण तिच्याहून मोठी भीती ही होती की मी आईच्या आधी गेले, तर ही बाई स्वतःला पोरीचा जीव घेणारी समजून जगेल आणि तशीच मरेल. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. मला आईपेक्षा जास्त जगायचं होतं, आणि तेवढ्यासाठी मी काहीही टोचून घ्यायला तयार होते.

हुकूम

उपचार जळगावात सुरू झाले. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम ठरलेल्या वारी यायच्या. वयानं माझी मुलगी शोभतील एवढ्या, केस करकचून बांधलेले. मला सगळं समजून घ्यायची खोड आहे हे त्यांनी लगेच ओळखलं.

त्या म्हणाल्या, “कमलताई, शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आत एक हुकूम असतो. तुझी वेळ झाली, आता जा. पेशी तो मुकाट्यानं पाळते. म्हणून जुन्या जातात आणि नव्या येतात.”

“आणि माझ्या?”

“तुमच्या या पेशींनी तो हुकूम दाबून ठेवलाय. त्या जातच नाहीत, नुसत्या वाढत राहतात.” हा शब्द उच्चारल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. धुळ्याची हकिकत त्यांच्या कानावर गेली असावी. “म्हणजे जास्त होत राहतात.”

मी हसले. आजारपणात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरू शकत नाही. पेशीच्या आतही कॅल्शियम असतं, अगदी कणभर, कप्प्यात जपून ठेवलेलं. पेशीला जायचा हुकूम देणारं जे जनुक असतं, त्याचा या कॅल्शियमशीही संबंध असतो. ते कप्प्यातून किती सुटतं, केव्हा सुटतं, यावरही पेशीचं जाणं ठरतं. जे रक्तात जास्त झालं म्हणून मी मरायला टेकले होते, तेच त्या पेशीच्या आत योग्य वेळी सुटलं तर मला वाचवणार होतं.

“मग औषध काय करतं?” मी विचारलं.

“दाबलेला हुकूम जागा करतं. मारायचं काम ते स्वतः करत नाही. पेशीला आठवण करून देतं.”

“आणि तिनं ऐकलं नाही तर?”

“तर आपण दुसरं औषध बघू. उपचारांच्या चौथ्या फेरीनंतर कळेल.”

पोटाच्या कातडीखाली आठवड्याला एक सुई. तोंडानं घ्यायच्या गोळ्या वेगळ्या. सुई घेताना मी मनातल्या मनात त्या पेशींशी बोलायचे. दुकान बंद करायची वेळ झाली तरी काही गिऱ्हाइकं उठत नाहीत, हा रंग दाखवा, तो दाखवा करत बसतात. त्यांना मी जसं म्हणते तसंच यांना म्हणायचे, चला बायांनो, उठा आता. आमच्या घरात मरण हा शब्द उच्चारायची चोरी, आणि मी रोज कुणीतरी मरावं म्हणून हात जोडत होते.

खुर्ची

सुया घ्यायच्या खोलीत खुर्च्यांची रांग होती. माझ्या शेजारच्या खुर्चीत शमीमआपा असायच्या. शिवणकाम करणाऱ्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, दुखणं वेगळं पण दिवस तोच. पहिल्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून स्वतःच्या जागेवर बसवलं. “यहाँ बैठो बाई, यहाँ पंखा लगता है.” त्यांच्या डब्यात खारी असायची. तोंडाला चव नसली की चहात बुडवलेली खारी तेवढी खाली उतरते, हे मला त्यांनी शिकवलं. नव्यानं सुया घेणाऱ्यांसाठी मी ते इथं लिहून ठेवते.

एका आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्यापुढच्या आठवड्यात पंख्याखालच्या खुर्चीत दुसरी बाई बसलेली होती. मी सिस्टरकडे बघितलं आणि तिनं मान खाली घातली. घरी आले, न जेवता पडून राहिले आणि त्या दिवशी पोटभर रडले.

विलासराव

आजारी माणसाच्या सोबत्याबद्दल सगळे गोड लिहितात. मी खरं लिहिते. धुळ्याच्या त्या एका वाक्यावरून मी विलासरावांशी फार वाईट वागले. त्यांनी दुकान सांभाळलं, माझ्या उलट्या काढल्या, स्वयंपाकात भाताची लापशी आणि लापशीचा गोळा केला, तरी मी तोंड वाकडंच ठेवलं. गोळ्यांच्या दिवशी तर माझा नुसता भडका उडायचा. त्या गोळ्यांनी भूक आणि राग दोन्ही येतात. तुमच्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

“आईला काय बोललात ते आठवतं का?” मी एकदा भडकून म्हणाले.

“रोज आठवतं.”

“मग?”

“मग काय, कमल? तू मरायला टेकली होतीस. मी कुणावर तरी ओरडणारच होतो. देवावर ओरडून काय उपयोग, तो वॉर्डात नव्हता.”

पुढच्या रविवारी ते कुणाला न सांगता शिंदखेड्याला जाऊन आले. आईसमोर बसले, परत आले. माफी मागितली का, हे मी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, “माझ्याशी बोलल्या त्या. म्हणाल्या, तू खरं तेच बोलला होतास.” आणि बूट न काढताच जिन्यावर बसून राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या दिवसापासून माझा राग गेला, निदान त्यांच्यावरचा तरी.

बोटं

तिसऱ्या फेरीत बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी पायाच्या, मग हाताच्या. औषधाचा हा गुण मॅडमनी आधीच सांगितला होता, पण मला वाटलं, जाईल. मी दुपारी थोडा वेळ दुकानात बसू लागले होते. एक कॉलेजची मुलगी आली, नाजूक हाताची. बांगडी भरणं हे डोळ्यांचं काम नाही. अंगठ्याखालचं हाड किती दबतंय, कुठे थांबायचं, हे बोटांना कळतं. मी तिचा हात दाबला आणि मला काहीच कळलं नाही. तिचा हात होता की कापडाची घडी, समजेना. बांगडी तिच्या हातावरच वाढली, तिच्या तळव्यातून रक्त आलं. पोर बिचारी ‘असू द्या मावशी’ म्हणत होती, आणि मी तिच्या हाताकडे बघत बसले होते. विलासरावांनी हळद आणली.

मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या बोटांना सुईचं टोक लावून बघितलं. मला काही ठिकाणी ते कळलं, काही ठिकाणी नाही.

“मात्रा थोडी कमी करते,” त्या म्हणाल्या. “सुया लांबही ठेवता येतील. पण चौथी फेरी व्हायची आहे. आत्ता फार ढील दिली तर त्या पेशींनाही मिळेल. नाही दिली तर बोटं कितपत परत येतील, मी सांगू शकत नाही. हे तुम्हाला विचारूनच करायचंय.”

वयाच्या दहाव्या वर्षी आईनं माझी बोटं तिच्या बोटांत धरून मला हात दाबायला शिकवलं होतं. दुसरी कुठलीही विद्या माझ्याकडे नाही. विलासरावांनाही माहीत होतं, हे बोलायचा हक्क माझा आहे.

“मात्रा कमी करा, पण सुया लांबवू नका,” मी म्हणाले. “बोटं गेली तर गेली. मला आईच्या आधी जायचं नाहीये.”

मॅडमनी मान हलवली. त्या दिवशी सुई त्यांनी स्वतः दिली.

शिंदखेडा

चौथ्या फेरीनंतर तपासण्या झाल्या. मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “ऐकलं त्यांनी.” बहुतेक पेशी गेल्या होत्या. कॅल्शियम जागेवर आलं होतं, किडन्या बऱ्या होत्या. पुढच्या उपचारांचं बोलणं अजून चालू आहे, आणि औषधाची एक लहान मात्रा बहुधा कायमची राहील. मी विचारलं, बरी झाले म्हणू का? त्या म्हणाल्या, “रोग झोपलाय म्हणा. काही पेशी लपून राहतात. त्या केव्हा उठतील, उठतील की नाही, हे मला सांगता येत नाही. पण आज तो झोपलाय.”

मी दुसऱ्या दिवशी पॅसेंजर धरली. विलासराव येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. अर्धी झाली होती. मी समोर उभी राहिले तरी तिनं वर बघितलं नाही. माझ्या पायांकडे बघत होती, सूज आहे का ते.

“रिपोर्ट चांगला उना, माय,” मी म्हणाले.

तिची नजर पायांवरच.

“चुनानं नही व्हयनं. डाक्तरले मी तोंडवर इचारं.”

मग तिनं धुळ्यानंतरचा पहिला शब्द माझ्याशी काढला.

“बठ्ठ्या मरी ग्यात का त्या?”

सगळ्या पेशी मेल्या का, असं विचारत होती. म्हणजे वहिनीनं तिला सगळं समजावून सांगितलं होतं आणि ती ते महिनोन्‌महिने मनात घोळवत बसली होती. मी हो म्हणू शकले असते. रस्ताभर मी हो म्हणायचंच ठरवून आले होते. तिचं वय बघता ते खोटं कधी उघडं पडलंही नसतं. पण तिनं वर बघितलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. एका अर्धवट कळलेल्या शब्दानं आमचं काय झालं होतं ते दोघींना ठाऊक होतं.

“बऱ्याच मरी ग्यात,” मी म्हणाले. “थोड्या दपी बठेल शेतस.”

“मंग? परत उठतीन?”

“माहीत नही, माय. डाक्तरलेबी माहीत नही.”

मला वाटलं आता ती मोडून पडेल. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ती विचार करत होती.

“म्हंजे तुले बी तारीख नही,” ती म्हणाली.

“नही.”

“माले बी नही. सक्काय उठनू म्हंजे समजस, आज शे मी.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आते तू मना वयनी व्हयनी व पोरी. बस आठे.”

आता मी तिच्या वयाची झाले होते. तिनं शेजारची जागा हातानं झाडली. मी बसले. गल्लीतून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, पलीकडच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

बऱ्याच वेळानं सहज माझी नजर खाली गेली. आईनं माझा हात धरला होता. दोन्ही हातांनी, घट्ट, तिच्या नखांचे वळ माझ्या बोटांवर उमटले होते. कधी धरला, किती वेळ धरून बसली होती, माझ्या बधिर बोटांना काहीच कळलं नव्हतं. मग मी दुसरीकडे कुठेच बघितलं नाही.